हातमोजे हातांनाच बाधतात तेव्हा

शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर रबरी हातमोजे घालतात ते रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, असे आज कोणीही सांगेल. मुळात मात्र हे हातमोजे जन्माला आले ते एका परिचारिकेच्या हातांवरील दाहाला उपाय म्हणून. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदांच्या शस्त्रक्रियागृहाची जबाबदारी कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेकडे होती. १८८९-९० च्या हिवाळ्यात निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने तिच्या हातांची त्वचा लाल होऊन सोलवटू लागली. हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या प्रयोगादाखल करवून घेतल्या आणि तिचा त्रास थांबला. पुढे १८९० मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. सर्वच शल्यविशारदांनी संसर्ग टाळण्यासाठी हातमोजे घालावेत, हा विचार रुजायला त्यानंतर काही वर्षे जावी लागली.

त्वचेच्या रक्षणासाठी जन्मलेली ही वस्तू आज त्वचारोगतज्ज्ञांच्या संशयितांच्या यादीत बऱ्याच वरच्या स्थानावर आहे. गोमेकॉच्या वॉर्डांपासून वेर्ण्याच्या औषध कारखान्यांपर्यंत, किनाऱ्यावरील हॉटेलांच्या स्वयंपाकघरांपासून काजूच्या कारखान्यांपर्यंत गोव्यात असंख्य माणसे दिवसाचे कित्येक तास हातमोज्यांत हात घालून काम करतात. त्यांपैकी ज्यांच्या हातांना खाज सुटते, पुरळ उठते, भेगा पडतात, ते बहुधा साबणाला दोष देतात, पाण्याला देतात, क्वचित उष्ण पदार्थांच्या खाण्यालाही देतात. हातमोज्यावर संशय घेण्याचे सुचत नाही, कारण तो तर रक्षक. उलट हात दुखू लागले की माणूस हातमोजे अधिक वेळ घालतो, आणि दुखणे वाढत जाते.

प्रत्येक खाज म्हणजे ॲलर्जी नव्हे

हातमोज्यांमुळे होणारा त्रास बहुतेक वेळा ॲलर्जी नसतोच. हवा न खेळणाऱ्या रबरात हात तासन्‌तास कोंडला गेला की घाम साचतो आणि त्वचेचा वरचा थर भिजून मऊ होतो. साबण पूर्ण न धुता किंवा हात ओले असतानाच हातमोजे चढवले, तर तो साबण दिवसभर त्वचेवर काम करीत राहतो. पावडर लावलेल्या हातमोज्यांत तिचे कण घासत राहतात. यातून हात कोरडे, खरखरीत, लालसर होतात. हा झाला क्षोभजन्य त्वचादाह. पुरेसा मारा झाला तर तो कोणालाही होऊ शकतो, आणि मारा थांबला की हळूहळू ओसरतो. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः मार्च ते मे या महिन्यांत, याला फार वेळ लागत नाही.

मात्र हा दाह किरकोळ समजून सोडून देण्याजोगा नाही. निरोगी त्वचेचा वरचा थर बाहेरच्या रसायनांना थोपवून धरतो. तो भेगाळला की हीच रसायने आत शिरू लागतात आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी त्यांची गाठ पडते. आज केवळ कोरड्या असलेल्या हातांना उद्या खरी ॲलर्जी जडण्याचा धोका म्हणूनच वाढतो. ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोबत करते. प्रतिकारयंत्रणेची स्मरणशक्ती या बाबतीत दांडगी असते. एरवी रोगजंतूंपासून वाचवणारा हा गुण येथे नडतो.

खऱ्या ॲलर्जीचे पुन्हा दोन प्रकार आहेत. रोजच्या बोलण्यात दोन्हींना सरसकट ‘लेटेक्सची ॲलर्जी’ म्हटले जाते आणि तेथेच सगळा घोटाळा होतो. एक आहे रबराच्या झाडाच्या चिकातील प्रथिनांची, दुसरी आहे रबर घडवताना त्यात घातलेल्या रसायनांची. दोन्हींची कारणे वेगळी, लक्षणे वेगळी आणि उपायही वेगळे. पहिलीवरचा उपाय दुसरीला बहुधा लागू पडत नाही.

चिकातली प्रथिने

नैसर्गिक रबर म्हणजे हेविया ब्राझिलिएन्सिस या वृक्षाचा पांढरा चीक. दोडामार्ग परिसरातील रबराच्या बागांमध्ये सालीवर तिरकी खाच पाडून वाटीत गोळा केला जाताना तो अनेकांनी पाहिला असेल. या चिकात रबराबरोबर झाडाची स्वतःची प्रथिनेही असतात आणि हातमोजा तयार झाल्यावरही त्यांचा काही अंश मागे उरतो. काही व्यक्तींचे शरीर या प्रथिनांविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. अशा व्यक्तीने हातमोजा घातला की काही मिनिटांतच हातावर पित्त उठावे तशा गांधी उठतात, डोळे चुरचुरतात, शिंका येतात. क्वचित दमा उसळतो, आणि फार थोड्या जणांत रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या ऊतींना हातमोज्याचा स्पर्श होतो, त्यामुळे ही ॲलर्जी डॉक्टरइतकीच रुग्णालाही घातक ठरू शकते. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषामुळे लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या मुलांमध्ये तिचे प्रमाण विशेष आढळते.

आधुनिक वैद्यकीय साहित्यात रबरी हातमोज्यांमुळे अशा गांधी उठल्याची नोंद १९७९ मध्ये ब्रिटनमधून झाली. त्यानंतर एड्सची साथ आली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गकारक असू शकते असे मानून काळजी घेण्याच्या सूचना दिल्या आणि हातमोज्यांची मागणी जगभर अफाट वाढली. पुढच्या दशकात लेटेक्सची ॲलर्जी असलेल्या परिचारिका, डॉक्टर आणि दंतवैद्य मोठ्या संख्येने समोर येऊ लागले.

यात एका साध्या वस्तूने भर घातली, ती म्हणजे हातमोज्याच्या आत लावलेली मक्याच्या स्टार्चची पावडर. हातमोजे चटकन चढावेत म्हणून लावलेल्या या पावडरीला प्रथिने चिकटतात. हातमोजा काढताना ती हवेत उडते आणि खोलीतील इतरांच्या श्वासात जाते. स्वतः हातमोजा न घालणाऱ्या माणसालाही दमा होऊ शकतो, तो असा. जर्मनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस पावडरयुक्त लेटेक्स हातमोजे कामाच्या ठिकाणांहून हद्दपार केले आणि तेथील आरोग्यसेवकांमधील नव्या रुग्णांची संख्या स्पष्टपणे घटली. अमेरिकेने वैद्यकीय वापराच्या पावडरयुक्त हातमोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी घातली. भारतीय बाजारात ते अजूनही सहज मिळतात आणि स्वस्त असतात.

लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी काहींना केळे, पपई, किवी, अवोकाडो किंवा चेस्टनट खाल्ल्यावरही ओठ-घसा खाजण्याचा अनुभव येतो, कारण या फळांतील काही प्रथिनांची ठेवण चिकातील प्रथिनांसारखी असते. केळे खाल्ल्यावर ओठ सुजत असतील, तर ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाच्या कानावर घालायला हवी. मोयऱ्याचे केळे ज्या प्रदेशात घरोघरी खाल्ले जाते, तेथे तर नक्कीच.

निळा हातमोजा आणि एक गैरसमज

या सगळ्यावर उपाय म्हणून निळ्या-जांभळ्या नायट्राइल हातमोज्यांचा प्रसार झाला. नायट्राइल हे कृत्रिम रबर, त्यात झाडाची प्रथिने नसतात. चिकाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते खरोखर वरदान ठरले. पण त्याबरोबर नायट्राइल घातले की ॲलर्जीचा प्रश्न मिटला, असा एक समज पसरला, आणि तो चुकीचा आहे. हातांवरील चिवट इसबाच्या पुष्कळ प्रकरणांत दोष प्रथिनांचा नसतो, तो असतो वेगवर्धक रसायनांचा.

कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना शोध लागला की त्यात गंधक मिसळून ते तापवले तर ते लवचीक आणि टिकाऊ बनते. रबराच्या लांबलचक रेणूंना गंधकाचे अणू जागोजागी सांधतात. ही प्रक्रिया निव्वळ गंधकाने फार सावकाश होते, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिला गती देणारी रसायने वापरात आली. थाययुराम, डायथायोकार्बामेट, मर्कॅप्टोबेंझोथायाझोल, डायफिनाइलग्वानिडिन ही त्यांतली मुख्य नावे. जीभ वळवणारी असली तरी ही नावे इसबाच्या रुग्णाने कागदावर लिहून जवळ ठेवावीत अशी आहेत. ती नैसर्गिक रबरात वापरली जातात तशीच त्यांतली बरीचशी नायट्राइल, निओप्रिन आणि पॉलिआयसोप्रीन या कृत्रिम रबरांतही वापरली जातात. प्रक्रिया पुरी झाल्यावर उरलेला अंश गरम पाण्यात धुऊन काढायचा असतो. धुलाई जितकी घाईची, तितका अंश अधिक. तो घामात विरघळून त्वचेत उतरतो.

थाययुरामच्या कुळातील एका रसायनाचा इतिहास तर भलताच वेगळा आहे. रबर उद्योगात ते हाताळणाऱ्या कामगारांना थोडेसे मद्य घेतले तरी चेहरा लाल होणे, मळमळणे असा त्रास होतो, हे १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. पुढे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमध्ये याच कुळातील रसायनापासून दारू सोडवण्याचे औषध तयार झाले. डायसल्फिराम या नावाने ते आजही दिले जाते. रबराची ॲलर्जी असणाऱ्या माणसाला हे औषध सुरू केल्यावर अंगभर पुरळ उठू शकते, आणि त्याचे कारण पुष्कळदा ध्यानातच येत नाही.

वेगवर्धकांची ॲलर्जी आपले पत्ते लगेच उघड करीत नाही. हातमोजा आज घातला तर खाज सुटते उद्या किंवा परवा. त्यामुळे कार्यकारणाचा धागा सापडत नाही. रविवारी सुटीच्या दिवशी हात सर्वांत वाईट दिसतात आणि माणूस घरच्या भांड्यांच्या साबणाला दोषी ठरवतो. तरी एक खूण बोलकी असते. पुरळ हाताच्या पाठीवर आणि बोटांवर अधिक उमटते, तळव्यावर कमी, कारण तळव्याची त्वचा जाड. आणि हातमोज्याची कड मनगटावर जेथे संपते तेथेच पुरळाचीही सीमारेषा दिसते. बारीक पाणीदार फोड, स्रवणारी त्वचा, मग जाड खपल्या आणि भेगा असा त्याचा क्रम असतो.

स्वीडनमधील संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांचा अभ्यास करताना आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवून दिली. अल्कोहोलयुक्त जंतुनाशक हातांना लावून हातमोजे चढवले असता डायफिनाइलग्वानिडिन अधिक प्रमाणात त्वचेवर उतरते. करोनाच्या काळात सॅनिटायझर चोळून घाईघाईने हातमोजे घालण्याची जी सवय लागली, ती या दृष्टीने चांगली नव्हती. जंतुनाशक पूर्ण वाळू देणे, इतकाच तो बदल.

पाकिटावरील ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दावरही फार विसंबता येत नाही. नैसर्गिक रबर असलेल्या वैद्यकीय साधनांवर तो छापण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ च्या नियमाने मनाई केली, कारण त्या शब्दाने प्रथिनांच्या ॲलर्जीबाबत खोटा दिलासा मिळत होता.

गवंड्याचा चामडी हातमोजा

रबराखेरीज चामड्याच्या हातमोज्यांची गोष्ट वेगळी आहे. जगातील बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. या क्षारांतील त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने सौम्य असते, पण चामडे कमावताना किंवा पुढे उष्णता आणि कोरड्या हवेने त्याचा काही भाग षट्‌संयुजी रूपात बदलतो. हे रूप त्वचेला फार बाधते. युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्‌संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास त्यांच्या विक्रीवर मे २०१५ पासून बंदी घातली.

आता गवंड्याचा विचार करावा. ओल्या सिमेंटमध्येही षट्‌संयुजी क्रोमियम असते आणि सिमेंटचा इसब हा बांधकाम मजुरांचा जुना शत्रू आहे. डेन्मार्कने १९८० च्या दशकातच सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालून क्रोमियम निरुपद्रवी करण्याचा मार्ग पत्करला. युरोपीय संघाने २००५ पासून पाण्यात विरघळणाऱ्या षट्‌संयुजी क्रोमियमची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम ठरवली. ज्या मजुराला सिमेंटमधून ही ॲलर्जी जडली आहे, त्याला मुकादमाने सद्‌भावनेने चामड्याचे हातमोजे आणून दिले, तर तो बिचारा आगीतून फुफाट्यात पडतो. सिमेंट सुटले तरी क्रोमियम सुटत नाही, आणि काम बदलूनही हात बरे का होत नाहीत हे कोणालाच उमगत नाही. त्याच्यासाठी रबराचा लेप दिलेले, आत कापडी अस्तर असलेले लांब हातमोजे योग्य.

काजूचे तेल आणि पातळ रबर

हातमोजा स्वतः निर्दोष असूनही हात बिघडतात, असेही घडते. गोमंतकाला याचे जवळचे उदाहरण काजूचे. काजूच्या बीच्या टरफलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असलेले दाहक तेल असते. बिब्बा, आंब्याचा चीक आणि काजूचे हे तेल एकाच वनस्पतिकुळातले. ‘बिब्बा उतला’ म्हणतात तो याच जातीचा दाह. बिया भाजल्याने किंवा वाफवल्याने तेलाचा उपद्रव कमी होतो, नाहीसा होत नाही. टरफले फोडणाऱ्या स्त्रिया म्हणून हातांना खाद्यतेल किंवा राख चोळतात. हातमोजे दिले तरी पुष्कळदा काढून ठेवतात, कारण त्यांनी बोटांचा वेग मंदावतो आणि मजुरी किलोमागे असते. हा आळस नव्हे, साधा हिशेब आहे.

हातमोजे घातले, तरी कोणते हा प्रश्न उरतोच. नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि तेलकट पदार्थांना थोपवण्यात दुबळे ठरते. पातळ लेटेक्समधून तेल आत झिरपले की ते घामेजल्या त्वचेशी दिवसभर दाबून धरले जाते. अशा हातमोज्यापेक्षा उघडा हात आणि वेळोवेळी धुणे बरे म्हणावे लागते. तेलाशी गाठ असलेल्या कामाला नायट्राइल अधिक योग्य. दंतवैद्यांच्या आणि नखसजावट करणाऱ्यांच्या कामातील ॲक्रिलेट रसायने तर एकदाच वापरायच्या पातळ हातमोज्यांतून काही मिनिटांत पार होतात. तेथे रसायनाला स्पर्शच होऊ न देणे आणि थेंब उडताच हातमोजा बदलणे, एवढाच मार्ग राहतो. केस रंगवणारे काही कारागीर एकच हातमोजा उलटून पुन्हा घालतात. त्यात बाहेरचा रंग थेट बोटांना लागतो, म्हणजे हातमोजा न घातल्यासारखेच.

दोषी शोधायचा कसा

हातांचा इसब पाहून कारण ओळखता येत नाही. चाचणी करावी लागते. उशिरा उमटणाऱ्या ॲलर्जीसाठी पॅच टेस्ट करतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत मूळ रूपात आजही चालते. संशयित रसायनांचे अल्प अंश छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवले जातात, दोन दिवसांनी चकत्या काढतात आणि तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. ज्या चकतीखाली लाली आणि सूज, ते रसायन दोषी. घाम येऊ द्यायचा नाही आणि पाठ भिजवायची नाही, त्यामुळे ही चाचणी शक्यतो उन्हाळा टाळून केलेली बरी. रबरातील रसायनांचे मिश्रण चाचणीच्या नेहमीच्या संचात असते, पण हातमोज्यातील प्रत्येक रसायन त्यात असेलच असे नाही. म्हणून जो हातमोजा वापरात आहे त्याची जोडी आणि तिचे पाकीट डॉक्टरांकडे नेणे शहाणपणाचे. त्याचा तुकडाही पाठीवर लावून पाहता येतो. प्रथिनांच्या ॲलर्जीला ही चाचणी उपयोगी नाही. तिच्यासाठी रक्ततपासणी किंवा टोचून करायची चाचणी असते, आणि टोचण्याची चाचणी तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी. घरी हातमोजा घालून ‘बघू काय होते’ असा प्रयोग अशा व्यक्तीने करू नये.

कारण कळले की निवड सोपी होते. प्रथिनांची ॲलर्जी असेल तर नायट्राइल, निओप्रिन किंवा व्हिनाइल. वेगवर्धकांची असेल तर व्हिनाइल किंवा वेगवर्धकांविना बनवलेले नायट्राइल. असे हातमोजे आता मिळतात आणि पाकिटावर तसे छापलेले असते. व्हिनाइल लवकर फाटते, शिवाय त्यातील काही परिरक्षकांचीही ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ते सर्वगुणसंपन्न नव्हे. वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्याला जाड रबराला पर्यायच नसतो. त्याने आत सुती मोजे घालावेत आणि ते घामेजताच बदलावेत. सुती अस्तराचा फायदा खरे तर सर्वांनाच होतो. हात कोरडे करून हातमोजे घालणे, मधूनमधून काढून हातांना हवा देणे आणि काम संपल्यावर साधे व्हॅसलीन किंवा सुगंधविरहित मलम लावणे या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. कामाच्या आधी मात्र तेलकट मलम लावून लेटेक्स हातमोजे घालू नयेत, कारण त्या तेलाने रबर कमकुवत होते.

प्रश्न केवळ खाजेचा असता तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. हातांचा इसब चिघळला की परिचारिकेला वॉर्ड सोडावा लागतो, आचाऱ्याला स्वयंपाकघर, गवंड्याला थापी. रसायने आणि रंगांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूचित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो कायम आहे. म्हणजे कारखान्यातील कामगाराला तो झाल्याचे आढळल्यास व्यवस्थापनाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही तो कळवणे अपेक्षित आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या कागदावर नुसते ‘इसब’ असे न लिहिता त्याचे कामाशी असलेले नाते आणि चाचणीत सापडलेले रसायन लिहिलेले हवे.

खरेदी करणाऱ्यांनाही एक गोष्ट करता येते. हातमोज्यात कोणते वेगवर्धक वापरले आहे हे पाकिटावर बहुधा नसते. पण उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात ते असू शकते आणि नसल्यास विचारता येते. शंभर हातमोज्यांच्या खोक्याचा दर विचारताना हा दुसरा प्रश्नही विचारला, तर पॅच टेस्टचा निकाल हाती घेऊन आलेल्या कामगाराला कोणता खोका द्यायचा हे त्याच दिवशी सांगता येईल.